माळ्याचे नाव

मुंबईच्या मलबार टेकडीवर फिरोजशहा मेहता उद्यान आहे. लोक त्याला हँगिंग गार्डन म्हणतात. १८८१ साली, शहराला पाणी पुरविणाऱ्या टाक्यांच्या छपरावर माती घालून ते उठविले. मुंबईला येणारी शाळेची सहल ह्या बागेत डोकावल्यावाचून परत जात नाही. समोरच्या बागेतला म्हातारीचा बूट आणि ह्या बागेतली कापून केलेली हिरवी जनावरे, ही दोन ठिकाणे मुलांना राणीच्या बागेतल्या वाघाइतकीच प्रिय असतात.

काही वर्षांपूर्वी पाचवीचा वर्ग घेऊन मी तिथे गेलो होतो. मुले हिरव्या हत्तीभोवती गोळा झाली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, हा हत्ती कुणी केला?"

मास्तराला प्रश्नाचे उत्तर येत नसले म्हणजे तो पाटीकडे बोट दाखवितो. मीही बागेच्या पाटीकडे बोट दाखविले. तिने ती सावकाश वाचली आणि परत येऊन म्हणाली, "सर, ज्यांचं नाव बागेला दिलंय ते तिथं लिहिलंय. हत्ती कापला कुणी?"

तेवढ्यात शिट्टी झाली, मुलांची रांग करायची होती, डबे खायचे होते. प्रश्न तिथेच राहिला. परंतु काही प्रश्न पायात गेलेल्या काट्यासारखे असतात. चालताना कळत नाही, रात्री पाय पसरला की ठणकतो. झुडपे कापून त्यांची जनावरे करण्याची ही कल्पना मुळात कोणाची, ती कोठून आली, हे शोधीत मी पुस्तके चाळू लागलो आणि चाळता चाळता दोन हजार वर्षे मागे रोमन लोकांच्या बागेत जाऊन पोचलो. तिथे मला एक झुडूप भेटले. हा लेख त्या झुडपाचा, आणि त्यापेक्षाही ते कापणाऱ्या हातांचा.

*

ह्या झुडपाला लॅटिनमध्ये बक्सस म्हणतात आणि इंग्रजीत बॉक्स. दक्षिण युरोपापासून कॉकेशसच्या डोंगरापर्यंत ते रानात आपोआप उगवते. पाने बोटाच्या पेरापेक्षाही लहान, जाड, चकचकीत आणि बाराही महिने हिरवी. वाढ इतकी मंद की आजोबाने लावलेले झुडूप नातवाच्या छातीला लागले तरी पुष्कळ. मंद वाढीमुळे लाकूड मात्र घट्ट होते, हस्तिदंतासारखे पिवळसर आणि जड. ओला ओंडका पाण्यात टाकला तर तो तरंगत नाही, दगडासारखा तळाला जातो.

ह्या लाकडाच्या लहान डब्या ग्रीक लोक करीत. झाडाचे ग्रीक नाव पिक्सोस, म्हणून डबीचे नाव पिक्सिस. तोच शब्द लॅटिनमधून इंग्रजीत जाताना 'बॉक्स' झाला. आमच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरातला कंपासबॉक्स आज पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा असतो, पण त्याच्या नावात हे झाड अजून बसलेले आहे. इंग्रजी अमदानीत नकाशे काढणाऱ्यांच्या पट्ट्याही ह्याच पिवळ्या लाकडाच्या असत, कारण हे लाकूड सहसा वाकत नाही आणि त्यावर कोरलेली बारीक रेघ पुसट होत नाही.

फार्सीत ह्याच झाडाला शमशाद म्हणतात. इराणच्या कवींनी प्रेयसीच्या बांध्याला सुरूच्या झाडाची उपमा दिली तशी शमशादाचीही दिली. शमशाद बेगम ह्यांचा खणखणीत आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांनी, हे नाव एका झाडाचे आहे, हे लक्षात ठेवावे. आपल्या हिमालयातही त्याचा एक भाऊबंद आहे. राजौरीकडचे कारागीर त्याला चिकरी म्हणतात आणि त्याचे चमचे व फण्या कोरतात. महाराष्ट्रात मात्र हे झाड आपलेसे झाले नाही. आमच्याकडे कुंपणाला मेंदी, कोयनेल, दुरंता. पांढऱ्या सुवासिक फुलांची जी कुंती आपण दारात लावतो, तिला इंग्रजीत 'चायना बॉक्स' असेही नाव आहे. मायदेशीचे कुंपण ज्याला आठवते, त्याला परक्या झाडातही ते दिसत असावे.

*

झाडे कापून शोभा आणण्याची चाल कोणी पाडली, ह्याचे उत्तर थोरल्या प्लिनीने देऊन ठेवले आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात जो मेला तोच हा विद्वान. तो सांगतो की, ऑगस्टस बादशहाचा स्नेही गायस मॅटियस ह्याने कापलेल्या झाडीची कल्पना प्रथम काढली. मॅटियस हा सरदार घराण्यातला माणूस. त्याने स्वतः हातात कात्री धरली असेल असे मला वाटत नाही. कल्पना धन्याची, कात्री दुसऱ्याची.

तो दुसरा कोण? रोमन लोकांत बागेची शोभा सांभाळणाऱ्या माणसाला तोपियारियुस म्हणत. बहुधा तो गुलाम असे, नाही तर मालकाने मुक्त केलेला माजी गुलाम. इ. स. पूर्वी ५४ मध्ये प्रख्यात वक्ता सिसेरो आपल्या धाकट्या भावाच्या वाड्यावर देखरेख करण्यास गेला. तेथून भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने, माळ्याने सगळीकडे आयव्हीची वेल अशी काही चढविली आहे की ती पाहून मी त्याची पाठ थोपटली, अशा अर्थाचा मजकूर लिहिला आहे. पाठ थोपटली, पण नाव लिहिले नाही. भावाला ते ठाऊक असणार, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नसावी.

ह्यानंतर दीडशे वर्षांच्या आतबाहेर थोरल्या प्लिनीचा भाचा, धाकटा प्लिनी, ह्याने आपल्या एका मित्राला एक लांबलचक पत्र लिहिले. उन्हाळ्यात तस्कनीत जाऊ नकोस, तिथली हवा वाईट, असे मित्राने काळजीने कळविले होते. त्यावर प्लिनीने आपल्या तिथल्या बागेचे असे वर्णन केले आहे की वाचणाऱ्याने ताबडतोब बिस्तरा बांधावा. घरासमोर बक्ससच्या नाना आकृती. उतारावर एकमेकांकडे तोंड करून उभी केलेली बक्ससचीच जनावरे. फिरायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना कापून सारखी केलेली कुंपणे. बागेभोवतीची भिंतसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनी कापलेल्या बक्ससमागे लपविलेली. आणि पुढे एका ठिकाणी तो म्हणतो की, बक्सस कापून अक्षरे केली आहेत. त्यांत कुठे धन्याचे नाव वाचता येते, तर कुठे माळ्याचे.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. गुलामगिरीच्या त्या काळात एका माळ्याने धन्याच्या बागेत धन्याच्या नावाशेजारी आपले नाव हिरव्या अक्षरांत उभे केले होते, आणि धन्याने ते उपटून टाकले नव्हते. उलट मित्राला कौतुकाने कळविले होते. प्लिनी मनाचा मोठा होता ह्यात संशय नाही. मग मी पुस्तक पुन्हा उघडले आणि ते नाव शोधू लागलो. पत्राच्या शेवटापर्यंत गेलो. नाव नाही. माळ्याचे नाव बागेत लिहिले आहे एवढे प्लिनी सांगतो; ते काय होते, हे सांगत नाही.

झाडाची अक्षरे टिकविणे म्हणजे रोजचे काम. एका हंगामात कात्री चालली नाही तर अक्षराच्या कडा फुटतात, दोन हंगामांत काना आणि मात्रा एक होतात, दहा वर्षांत तिथे नुसते झुडूप उरते. पत्र उरले, कारण ते नकलून घेणारे शतकानुशतके मिळत गेले. बाग गेली. इटालीत सान जुस्तीनो नावाच्या गावाजवळ ह्या वाड्याचे अवशेष सापडले आहेत. हा वाडा प्लिनीचाच हे कशावरून ओळखले? तिथल्या कौलांवर त्याच्या नावाची आद्याक्षरे ठशाने उमटविलेली आहेत. धन्याचे नाव भाजलेल्या मातीत होते, ते राहिले. माळ्याचे पानांत होते.

*

माळ्याची म्हणून एखादी खूण उरलीच असेल तर ती जमिनीखाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ फिशबोर्न येथे १९६० साली पाण्याचा नळ टाकण्यासाठी चर खणताना जुनी कौले आणि दगड लागले. पुढे काही वर्षे उत्खनन झाले आणि इ. स. ७५ च्या सुमारास बांधलेला प्रचंड रोमन राजवाडा उघडा पडला. त्याच्या मधल्या अंगणात संशोधकांना जमिनीत काळसर पट्टे दिसले. मूळची जमीन खडकाळ आणि निकस; तीत कोणीतरी चर खणून चांगली माती भरली होती. ते कुंपणाच्या झुडपांचे वाफे होते. चर सरळ जातात, मध्येच कोनाड्यासारखे आत वळतात आणि पुन्हा बाहेर येतात. त्याच रेषांवर आता पुन्हा बक्सस लावलेला आहे. एकोणीसशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्याने दोरी धरून ते चर आखले, त्याची दोरी सरळ होती, एवढे आपल्याला त्याच्याविषयी नक्की सांगता येते.

रोमन सत्ता कोसळल्यावर ही कला मागे पडली आणि तिने पुन्हा जोर धरला तो इटालीत व फ्रान्समध्ये. आता कुठे माळ्यांची नावे ऐकू येऊ लागतात. फ्रान्सचा राजा चौथा आंरी ह्याचा माळी क्लोद मोले. त्याचा बाप माळी, मुलगेही माळी. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६५२ साली छापले गेले. त्यात तो सांगतो की, पूर्वी थोरामोठ्यांना बागेत बक्सस चालत नसे. वाफ्यांच्या नक्षीसाठी सुवासिक वनस्पती लावीत. पण कडक ऊन आणि थंडी ह्यांनी त्या मरत आणि दोन-तीन वर्षांत सगळी नक्षी पुन्हा लावावी लागे. खर्चाला अंत नसे. म्हणून सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने राजाच्या बागांत बक्सस लावण्यास आरंभ केला. रसिकतेचा इतिहास लिहिणारे मोठमोठी कारणे देतात. माळी खरे कारण सांगतो: हे झाड मरत नाही आणि पैसे वाचतात.

मोलेच्या मागून आंद्रे ल नोत्र आला. आजोबा आणि वडील पॅरिसच्या तुइलरी बागेतले माळी. हा १६१३ साली जन्मला आणि व्हर्सायची बाग आखून १७०० साली वारला. चौदाव्या लुईने त्याला सरदारकी दिली, तेव्हा कुलचिन्ह काय घ्यावे असा प्रश्न निघाला. ह्याने म्हणे तीन गोगलगायी आणि वर कोबीचा गड्डा सुचविला. ही आख्यायिका असेल. पण सेंट-सिमोनने नोंदलेले त्याचे एक मत मला फार आवडते. नक्षीचे हे वाफे दायांच्या उपयोगाचे, असे तो म्हणे. मुलांना सोडून त्यांना खाली उतरता येत नाही, तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावरून नजरेनेच बागेत फिरून यावे. ज्या नक्षीसाठी जग त्याला वाखाणीत होते, तिचे खरे प्रेक्षक कोण हे त्या माळ्याच्या नातवाने बरोबर ओळखले होते.

*

हे झुडूप सांभाळायचे कसे, तेही सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. रोप बियांपासून करण्यापेक्षा फांदीच्या कलमापासून करतात. वीतभराहूनही लहान काडी सावलीत, ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचली की ती मुळे धरते, पण सावकाश. जमीन पाण्याचा निचरा होणारी हवी. चुनखडी असली तरी चालते. कापणी वसंतातले हिमतुषार संपल्यावर, कोवळी पालवी जरा जून झाली की करावी. दिवस ढगाळ पाहावा, कारण कडक उन्हात कापलेल्या पानांच्या कडा करपतात. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणावी आणि दोरीबरहुकूम कापावे; डोळ्यावर विश्वास ठेवू नये. कुंपण वरपेक्षा खाली किंचित रुंद ठेवावे, नाहीतर खालच्या पानांना उजेड मिळत नाही. पाणी मुळांशी घालावे, पानांवर शिंपडू नये.

इंग्लंडात ही हौस इतकी वाढली की शेवटी तिची थट्टा होऊ लागली. १७०२ मध्ये गादीवर आलेल्या ॲन राणीला बक्ससचा उग्र वास सहन होत नसे. तिने राजवाड्याच्या बागांतून तो काढून टाकविला. १७१३ साली अलेक्झांडर पोप ह्या कवीने एका नियतकालिकात विक्रीस काढलेल्या झाडांची एक खोटी यादी छापली. तिच्यात बक्ससचा एक संत जॉर्ज होता. त्याचा हात अजून पुरेसा वाढलेला नव्हता, पण पुढच्या एप्रिलपर्यंत तो राक्षसी सर्पाला भोसकण्याजोगा होईल अशी हमी दिलेली होती. मग वारे फिरले. सरळ रेघा असंस्कृत ठरल्या आणि त्या शतकात इंग्लंडातल्या कितीतरी जुन्या बागा नांगरून त्यांच्या जागी हिरवी कुरणे आली. पिढ्यान्पिढ्या कापून घडविलेली झुडपे एका हिवाळ्यात सरपण झाली.

त्याच शतकाच्या अखेरीस ह्या लाकडाने दुसरीकडे नाव काढले. न्यूकॅसलचा टॉमस ब्यूइक बक्ससच्या आडव्या कापलेल्या गुळगुळीत तोंडावर बारीक हत्याराने चित्रे कोरी. त्याचे चतुष्पाद प्राण्यांचे पुस्तक १७९० साली आणि पक्ष्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग १७९७ साली निघाला. असा ठसा शिशाच्या टाइपाबरोबर एकाच यंत्रावर बसे आणि हजारो प्रती काढल्या तरी झिजत नसे. पुढच्या शतकात सचित्र साप्ताहिके निघाली ती ह्या लाकडाच्या बळावर. झाडाचे खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडून एक ठोकळा करीत. प्रत्येक तुकडा वेगळ्या कारागिराकडे जाई. चित्राखाली सही मात्र बहुधा चित्रकाराची किंवा कारखानदाराची.

*

जे झाड मरत नाही म्हणून मोलेने लावले, ते आता मरू लागले आहे.

१९९४ साली इंग्लंडात बक्ससवर एक नवी बुरशी दिसली. पानांवर काळे डाग पडतात, फांद्यांवर काळ्या रेघा उठतात आणि पाहता पाहता झुडूप उघडे पडते. तिला ओलावा लागतो आणि कोंडलेली हवा लागते. म्हणजे ज्या दाट कापणीसाठी माळ्याने आयुष्य घातले, तीच तिच्या सोयीची. एका झाडावरून दुसऱ्यावर तिला नेते तीही कात्रीच. आता माळ्यांना सांगावे लागते की, कात्री झाडागणिक धुऊन घ्या आणि थोडे विरळ कापा.

तिच्या पाठोपाठ पूर्व आशियातला एक पतंग आला. २००७ साली तो जर्मनीत आढळला. त्याच्या हिरव्या-काळ्या अळ्या पाने संपवितात, पाने संपली की साल खातात. कडू आणि विषारी म्हणून ज्या पानांना गुरे तोंड लावीत नाहीत, ती ह्यांना पथ्यावर पडतात. तो उडत आला असता तर निदान वेळ मिळाला असता. पण तो रोपांच्या कुंड्यांतून, मालमोटारींतून आला. २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी रशियातले सोची शहर सजवायचे होते. त्यासाठी २०१२ साली इटालीहून बक्ससची रोपे मागविली आणि त्यांच्याबरोबर हा पतंग काळ्या समुद्राच्या काठी उतरला. तिथून जवळच खोस्ता येथे बक्ससचे नैसर्गिक, प्राचीन रान होते, शेवाळाने मढलेले. दोन-तीन वर्षांत त्या रानातला बक्सस जवळजवळ सगळा वाळला. जिथे ते झाड आपोआप वाढत होते, तिथे शोभेसाठी तेच झाड बाहेरून आणले, आणि आणलेल्याने घरचे मारले. २०१६ मध्ये पतंग इराणात कॅस्पियन समुद्राकाठच्या रानांत पोचला. बुरशी तिथे आधीच होती. कवींचा शमशाद तिथे सांगाड्यासारखा उभा राहिला.

फ्रान्समध्ये व्हो-ल-व्हिकोंत ह्या ल नोत्रच्या पहिल्या मोठ्या बागेतली बक्ससची नक्षी २०१९ मध्ये उपटावी लागली आणि तिच्या जागी काही काळासाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मांडल्या. वरच्या मजल्यावरच्या दायांना कदाचित फरक कळला नसता. पण धातूच्या पट्टीला माळी लागत नाही, आणि मला तेच जास्त लागले.

*

सहलीहून परत आल्यावर माझ्या मनात दुसरेच काही सलू लागले होते, ते सांगून संपवितो.

मी शिकवितो त्या शाळेला पूर्वी भिंत नव्हती, मेंदीचे कुंपण होते. ते कापणारा माणूस कागदोपत्री शिपाई होता. आम्ही त्याला माळीमामा म्हणत असू. पावसाची झड ओसरली की तो दोन खुंट्या ठोकी, सुतळी ताणी आणि एक डोळा मिटून तिच्याकडे पाही. मधल्या सुट्टीत पोरे त्या सुतळीवरून उड्या मारीत. तो रागावत नसे. सुतळी सोडी आणि पुन्हा बांधी. पुढे तो निवृत्त होऊन गावी गेला. कुंपण जाऊन तिथे सिमेंटची भिंत आली.

शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे होते. देणगीदारांची नावे मी रकमेसकट, तीनदा तपासून छापली. 'शाळेचा परिसर हिरवागार आहे' हे वाक्यही माझेच. ज्याने तो हिरवा ठेवला त्याचे नाव त्या शंभर पानांत नाही. मला ते ठाऊक नव्हते, आणि विचारावे असे सुचलेही नव्हते. सिसेरोला आणि प्लिनीला मी नावे ठेवीत होतो ती कोणत्या तोंडाने?

निवृत्त मुख्याध्यापकांना जाऊन विचारले. ते म्हणाले, "माळीमामा हो! म्हणजे... माळीमामाच." जुन्या शिक्षकांनाही त्यापलीकडे आठवेना. शेवटी दप्तराची जुनी पेटी उघडून घेतली. त्या वर्षांच्या पगारपत्रकांना वाळवी लागलेली होती. एका पानाचा अर्धा तुकडा हाती आला. नावांचा रकाना वाळवीने खाल्लेला; सह्यांचा रकाना शिल्लक. वरून खाली शिक्षकांच्या सह्या, कोणाची वळणदार, कोणाची घाईची. त्यांतल्या बहुतेक मी ओळखल्या. आणि सगळ्यांत शेवटच्या ओळीत, निळ्या शाईत, डाव्या हाताचा अंगठा.

तो तुकडा मी काचेत घालून वर्गात लावला आहे. ती मुलगी आता वरच्या वर्गात गेली. मधल्या सुट्टीत एकदा येऊन तिने तो पाहिला आणि विचारले, "सर, हा कुणाचा?"

ह्या वेळी मी पाटीकडे बोट दाखविले नाही. खिडकीतून भिंतीकडे दाखविले आणि तिथे पूर्वी काय होते ते तिला सांगू लागलो.